न आलेल्या वकीलबाईंबरोबर वऱ्हाडात

वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी पहिल्यांदा वऱ्हाडात गेले, ती एका परदेशी वकीलबाईंची दुभाषी म्हणून. बाई विमानतळावरूनच परत गेल्या आणि दुभाषी तेवढी फिरून आली. नवरदेव मागे राहिला आणि वऱ्हाड पुढे गेलं, असं आमचे हे म्हणतात. त्यांना काय होतंय म्हणायला! ते चार दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत.

साताऱ्याच्या कोर्टात मी तीस वर्षं भाषांतरकार होते. साक्षीदार मराठीत बोलणार, मी ते इंग्रजीत उतरवणार. एक शब्द गाळायचा नाही, एक पदरचा घालायचा नाही. स्वभाव पहिल्यापासून काळजीचा. गावाला निघाले की गॅस बंद केला का हे पाहायला निम्म्या रस्त्यातून रिक्षा मागे फिरवते. कागदपत्रांच्या दोन झेरॉक्स काढते, आणि त्या हरवतील म्हणून तिसरी काढते. निवृत्त झाल्यावर घरबसल्या थोडी भाषांतरं करत होते, त्यातून योहानाची ओळख झाली.

योहाना युरोपातली. आमची भेट कधी झाली नव्हती, फोनवरच काय ते बोलणं, आणि तेही इंग्रजीतून. तिच्या देशातल्या एका कंपनीचं कपाशीवर फवारायचं औषध आपल्याकडे विकलं जातं. तेल्हारा तालुक्यातले प्रल्हाद तायडे हे मजूर ते फवारताना शेतातच कोसळले, आणि दवाखान्यातून घरी आले ते दृष्टी घालवून. योहाना त्यांच्या वतीने तिच्या देशातल्या कोर्टात दावा लावणार होती. तिथल्या कायद्याप्रमाणे दाव्याची मुदत शुक्रवारी संध्याकाळी संपत होती. तोवर तायड्यांचं शपथपत्र कोर्टात पोचलं तर दावा उभा राहणार, नाहीतर तीन वर्षांची खटपट पाण्यात. मंगळवारी तिने अमरावतीला यायचं, गुरुवारी आम्ही दोघींनी तायड्यांच्या घरी जायचं, शुक्रवारी अकोल्याला नोटरीपुढे शपथपत्र करायचं, असा बेत होता.

मंगळवार, अमरावती

बडनेऱ्याला सकाळी उतरले. इथले इंगळे वकील योहानाचे इकडचे मदतनीस, ते न्यायला आले होते. मी साताऱ्याची, पाहुण्याला आधी पाणी, मग चहा, मग 'कसा झाला प्रवास' या क्रमाने जाणारी. इंगळे वकील पहिल्याच वाक्यात म्हणाले, "तुमी तं फोटोपेक्षा म्हाताऱ्या दिसता मॅडम." मला राग यायच्या आत त्यांनी माझी बॅग उचलली, पाठीवरची पिशवीही काढून घेतली आणि म्हणाले, "चला, पयले गीला वडा खाऊ. बाकीची दुनिया मंग पाहू."

गीला वडा म्हणजे आपल्या दहीवड्याचा वऱ्हाडातला आडदांड भाऊ. दही, वरून लाल चटणी आणि तिखट. दुसरा घास तोंडात आणि योहानाचा फोन.

"मला आत सोडत नाहीयेत," ती म्हणाली.

आवाज शांत होता. माझ्याच हातातला चमचा दह्यात पडला. झालं होतं असं की तिने व्हिसा घेतला होता पर्यटकाचा. तिला वाटलं, आपण कोर्टात तर उभ्या राहणार नाही, एका माणसाला भेटून त्याचं म्हणणं ऐकणार, एवढ्याला हा चालेल. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने येण्याचं कारण विचारलं. तिने खरं ते सांगितलं. मग बॅगेत दाव्याचे कागद निघाले. हे पर्यटकाचं काम नाही, या व्हिसावर चालणार नाही, आलात त्याच विमानकंपनीच्या पुढच्या विमानाने परत जा, असं तिला सांगण्यात आलं. "ते सभ्यपणे वागले," ती म्हणाली. "चूक माझी आहे. मी वकील असून नीट वाचलं नाही."

आणि मग जाताजाता म्हणाली, "त्या कागदांवर तुमचं नाव आणि फोन नंबर आहे. त्यांनी लिहून घेतला."

त्यानंतर गीला वडा मला गिळवेना. माझं नाव सरकारी वहीत! तीस वर्षं मी सरकारी वहीत दुसऱ्यांची नावं लिहिली. आता पोलीस लॉजवर येणार, माझं पेन्शन थांबणार, आणि आमचे हे साताऱ्याच्या पोलीस ठाण्यात डबा घेऊन येणार, इथवर मी दोन मिनिटांत जाऊन पोचले. मी इंगळे वकिलांना म्हटलं, मला संध्याकाळच्या गाडीचं तिकीट काढून द्या.

"काहून?" ते म्हणाले.

"अहो, वकीलच नाही तर दुभाषी काय करणार?"

"पाहा मॅडम. आपल्या देशातला माणूस, आपल्या देशातल्या नोटरीपुढं, आपल्या भाषेत खरं बोलून राहिला. त्याले कोणाची परवानगी लागते? बाईले व्हिसा लागते. तुमाले लागते का?"

ते पुढे म्हणाले, "मले दोन दिवस कोर्टात तारखा हाएत. नाही तं मीच गेलो असतो. तुमी परत गेल्या तं त्या माणसाचं संपलं."

इतकं सरळ कोणी बोललं की माझी पंचाईत होते. आमच्याकडे हेच सांगायला अर्धा तास घेतला असता, आणि त्या अर्ध्या तासात मला निसटायला वाट मिळाली असती. मी राहिले. बुधवारचा दिवस योहाना घरी पोचण्याची वाट पाहण्यात आणि दर अनोळखी फोनला दचकण्यात गेला. एक फोन कर्ज हवंय का विचारायला होता, एक पार्सलवाल्याचा, तोही चुकून. संध्याकाळी तिने कोरा मसुदा आणि प्रश्न पाठवले. मी त्यांच्या अर्थातच तीन प्रती काढल्या.

गुरुवार, वलगाव, अंजनगाव सुर्जी, तेल्हारा

इंगळे वकिलांनी गाडी ठरवून दिली होती. चालवणारे रफीकभाई, पन्नाशीचे, गप्पिष्ट. वलगाव मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना काळी जमीन सुरू झाली. आमच्याकडेही काळी जमीन आहे, पण ती डोंगरांच्या मधे बसलेली. ही नजर पोचेल तिथवर गेलेली. कपाशीची वेचणी चालू होती. बायका ओटीत कापूस भरत रांगेने पुढे सरकत होत्या. कापसाने ठासून भरलेल्या गाड्या रस्त्याने जात, आणि त्यांचा कापूस बाभळींच्या काट्यांना अडकून राही, म्हणून मैलोन्‌मैल बाभळी पांढऱ्या दिसत होत्या. एरवी मी गाडी थांबवून फोटो काढले असते. पण मागे एक पांढरी जीप होती.

ती वलगावपासून मागे होती. आम्ही हळू झालो की ती हळू होई. मी रफीकभाईंना सांगितलं. त्यांनी आरशात पाहिलं आणि म्हणाले, "हाव, आहे ना. रस्ता एकच हाय मॅडम, थो बिचारा कुठून जाईन?"

अंजनगावच्या अलीकडे ती जीप संत्र्याच्या एका बागेत वळली. आतून चार माणसं आणि रिकामी क्रेटं उतरली. रफीकभाई हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. अंजनगावात त्यांनी मला पान खायला लावलं. इकडे पानमळे आहेत, आणि तिथलं ताजं पान मी खाल्लं ते पहिलंच. उजव्या हाताला सातपुडा सारखा सोबत होता, निळसर, आपल्या सह्याद्रीसारखा अंगावर न येणारा.

अकोट ओलांडल्यावर चहाला थांबलो. पहिल्या घोटाला वाटलं, चहावाल्याने साखरेऐवजी मीठ घातलं. विहिरीचं पाणीच खारं, रफीकभाईंनी सांगितलं. या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारं, पिढ्यान्‌पिढ्या. ज्यांना परवडतं ते कॅनचं पाणी घेतात. आमचं कृष्णेचं पाणी आठवून मला उगीच ओशाळल्यासारखं झालं.

तायड्यांचं गाव तेल्हाऱ्याच्या पुढे. घर दोन खोल्यांचं, विटांचं. लांबूनच ओळखू आलं, कारण गल्लीत तेवढंच घर नव्याने रंगवलेलं होतं. दारात रांगोळी. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली ताजी फुलं. एका खुर्चीवर कोरी चादर घातलेली आणि बाकी सगळ्यांना सतरंजी. ती खुर्ची कोणासाठी ते मला सांगावं लागलं नाही. इंगळे वकिलांनी फोन करून कळवलं होतं म्हणे, पण बाई येत नाहीत हे घरच्यांनी काही खरं मानलं नव्हतं.

"जय भीम मॅडम," प्रल्हादभाऊ उठून उभे राहिले. पंचेचाळिशीचा, हाडाने मजबूत माणूस. डोळे उघडे, पण मी जिथे होते त्याच्या थोडे बाजूला पाहणारे. "बाई मागून येऊन राहिल्या का?"

मी जय भीम म्हटलं आणि सगळं सांगितलं. सांगताना मला वाटत होतं, हा माणूस आता चिडेल, नाहीतर खचेल. त्यांच्या दाव्याची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती.

"म्हंजे तिले दारातूनच वापस पाठवलं?"

"हो."

"इतक्या दुरून आली. पाणी तरी देल्लं का तिले तिथं?"

मी म्हटलं, दिलं असेल.

"माह्या पायी झालं," ते म्हणाले. "आमच्या घरी दुश्मन आला तं त्याले बसा म्हणतो. आन् माह्यासाठी आलेली बाई आमच्या देशाच्या उंबरठ्यावरून गेली." त्यांना खरोखर लाज वाटत होती. जिच्यापायी हा माणूस आंधळा झाला ती कंपनी तिच्या देशातली, आणि माफी मागायची ती यांनी! मी पिशवीत चष्मा शोधू लागले, जो डोळ्यांवरच होता.

जेवायला बसवलं. प्रल्हादभाऊंच्या पत्नी सुनंदाबाई, बारीक अंगाच्या, भरभर चालणाऱ्या. गोरी बाई तिखट खात नाही असं कोणीतरी सांगितल्यामुळे सगळा स्वयंपाक बिनतिखटाचा होता. बटाट्याची पिवळी भाजी, फिकं वरण, पोळ्या. मी, रफीकभाई, दोन शेजारी, सगळे ते आजाऱ्याचं जेवण गुमान जेवत होतो. शेवटी रफीकभाईंनी हळूच विचारलं, "वहिनी, ठेचा हाय का?" तेव्हा कुठे आतून खरा खलबत्ता बाहेर आला. तो ठेचा मी साताऱ्याच्या जोरावर बोटभर घेतला आणि पुढची दहा मिनिटं मला दुभाष्याची गरज होती.

मग प्रल्हादभाऊंचं म्हणणं लिहून घेतलं. सकाळी किती वाजता पंप पाठीवर घेतला, वारा कुठून होता, औषध कोणी कालवलं, बाटली कशी होती. ते न अडखळता सांगत होते. कंपनीचं म्हणणं असं की त्या दिवशी वापरलेलं औषध त्यांचं नव्हतंच, कोणीतरी नकली विकलं असेल. म्हणून ती बाटली महत्त्वाची. प्रल्हादभाऊंनी दवाखान्यातून आल्यावर ती जपून ठेवली होती. दोन महिन्यांपूर्वी योहानाला तिचा फोटो पाठवला होता. त्यात कंपनीचं नाव दिसत होतं, पण बॅच नंबर असतो तिथे नेमका फोटो काढणाऱ्याचा अंगठा आला होता. तो नंबर पाहून शपथपत्रात घालायचा, हे माझ्या यादीतलं सर्वांत मोठं काम.

"जाय वो, मॅडमले बाटली दाखव," प्रल्हादभाऊ म्हणाले.

सुनंदाबाई मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. कोनाड्यात कापडी पिशवी होती. ती त्यांनी खाली काढली, गाठ सोडली आणि बाटली माझ्या हातात दिली. पांढरी, स्वच्छ. इतकी स्वच्छ की मला आधी वाटलं, चुकून तेलाची बाटली दिली. लेबलाचा मागमूस नव्हता.

"हे काय?" मी विचारलं.

त्यांनी दाराकडे पाहिलं आणि अगदी खालच्या आवाजात सांगितलं. दिवाळीच्या वेळी कळलं की परदेशातून वकीलबाई येणार, आणि ही बाटली त्या स्वतः हातात घेऊन पाहणार. घर रंगवलं, भांडी घासली. मग बाटली बाहेर काढली. धुळीने माखलेली, वर जुने चिकट ओघळ, उग्र वास. "आता असं घाण पाहुणीच्या हातात कसं द्याचं मॅडम? मंग राखीनं घासली. चांगली गरम पाण्यानं. कागद निंघून गेला थो निंघूनच गेला. मले वाटलं, बाटली पाह्यची हाय ना, बाटली तं हाय. मंग इंगळे वकिलांचा फोन आला, का कागदावरचा नंबर लिहा लागते. तवा माह्या पायाखालची जमीन सरकली."

"प्रल्हादभाऊंना माहीत आहे?"

"नाई जी!" त्यांनी माझा हात धरला. "यायले सांगू नोका. रोज सकाळ-संध्याकाळ पिशवीले हात लावून पाह्यतेत. बाटली हाय ना सुनंदा? हाव, हाय. एवढ्यावर तीन वर्स काढले त्याईनं."

रागावू म्हटलं तर राग कोणावर? माझी आई डॉक्टर येणार म्हटलं की आधी रोग्याला आंघोळ घालायची.

फोनला रेंज शाळेपाशी मिळते असं कळलं, म्हणून रफीकभाईंना घेऊन तिकडे गेले. त्यांना सांगितल्याशिवाय मला राहवलं नाही. त्यांनी सहज उपाय काढला. "लेबल तं कोणत्याही कृषी केंद्रात भेटते. तीच कंपनी, तीच बाटली. चिकटवून टाकू. तिकडच्या जजले काय समजते?" वाईट मनाने नाही, पंक्चर काढावं तसं बोलले ते. आणि खोटं कशाला सांगू, अर्धा मिनिट मी विचार केला.

योहानाने फोन उचलला. तिला सगळं सांगितलं.

"जे झालं ते तसंच लिहा," ती म्हणाली. "लेबल होतं, ते धुण्यात गेलं, नंबर माहीत नाही. आपला दावा अशक्त होईल. पण त्यांनी नंतर हे शोधून काढलं, तर प्रल्हादच्या एकाही शब्दावर कोणी विश्वास ठेवणार नाही."

"पण त्यांना हे माहीत नाही."

"शपथपत्र त्यांचं आहे. त्यांना दिसत नाही, म्हणजे सही करण्यापूर्वी ते पूर्ण वाचून दाखवावं लागेल. आणि पूर्ण वाचून दाखवलं, असं वाचणाऱ्याने खाली सही करून लिहायचं. ती वाचणारी मी असणार होते. आता तुम्ही."

मी त्या दिवशी तेल्हाऱ्यातल्या लॉजवर बसून मसुदा केला. बाटलीचं कलम सातवं आलं. 'माझ्या पत्नीने सदर बाटली धुतली. त्यामुळे लेबल नष्ट झाले व बॅच क्रमांक उपलब्ध नाही.' एवढंच. यापेक्षा कमी शब्दांत बसवता आलं नाही.

शुक्रवार, अकोला

सकाळी दोघांना गाडीत घेतलं. त्याआधी सुनंदाबाईंना बाजूला घेऊन सातव्या कलमात काय लिहिलंय ते सांगितलं होतं. पुढे मी, मागे ते दोघं, मधे ती पिशवी. प्रल्हादभाऊंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि स्वारी खुशीत होती. रस्त्याला कोणतं पीक उभं आहे, असं मला विचारत होते. मी तुरीला हरभरा म्हटलं. "मॅडम, हरभरा तुमच्या गुडघ्याच्या वर गेला तं मले सांगा, पाहाले येतो," असं म्हणून खूप हसले. सुनंदाबाई हसल्या नाहीत. वाटेत पूर्णेच्या पुलाजवळ एका बाजूने रस्ता खोदलेला होता, तिथे पाऊण तास गाड्यांच्या रांगेत अडकलो. मी घड्याळ पाहत होते. तिथलं कोर्ट आपल्या घड्याळाच्या साडेचार तास मागे असतं, म्हणजे आपल्याला रात्रीपर्यंत सवड होती. तरी मी दर पाच मिनिटांनी हा हिशोब पुन्हा करत होते. चुकून साडेचार तास पुढे असलं तर?

रांगेत असताना सुनंदाबाई पाणी घ्यायच्या निमित्ताने उतरल्या. मीही उतरले.

"मॅडम, सात नंबरचं तेवढं वाचू नोका," त्या म्हणाल्या. "सही होऊ द्या. मंग मीच सांगीन. आजच्या दिवस त्याईले खुश राहू द्या."

"मला तसं करता येत नाही हो."

"एक तं ओळ हाय."

तेवढ्यात रांग हलली. गाडीत मी मसुदा पुन्हा उघडला. न वाचता पुढे गेले तर कोणाला कळणार होतं? नोटरी काही कलमं मोजत बसणार नाही. वाचलं, तर हा माणूस तिथेच मोडून पडेल, सहीच करणार नाही, मुदत निघून जाईल, आणि नवरा-बायकोत जे होईल ते मी केलेलं असेल. तीस वर्षांत मी ओळ गाळली नव्हती, पण तेव्हा ओळी परक्यांच्या असत, आणि मी त्यांच्या घरी जेवलेली नसे.

नोटरीचं ऑफिस कोर्टाजवळ, एका पत्र्याखाली चार टेबलं, त्यातलं एक. नोटरी म्हाताऱ्या मास्तरांसारखे. त्यांनी आधार कार्डं पाहिली, वहीत नोंद केली आणि मला म्हणाले, "वाचा मोठ्यानं. त्याईले समजलं पाहिजे."

मी वाचायला लागले. पहिलं कलम, दुसरं. प्रल्हादभाऊ मान हलवत होते. सुनंदाबाई मांडीवरच्या पिशवीची गाठ सोडत होत्या आणि परत बांधत होत्या. सहावं संपलं. मी थांबले. नोटरी म्हणाले, "पाणी प्या." मी पाणी प्याले. ते खारं नव्हतं, एवढं मला आठवतं.

मग मी सातवं वाचलं. पूर्ण.

शेजारच्या टेबलावर कोणीतरी घरभाड्याच्या करारावर शिक्के मारत होतं, त्याचे ठप ठप आवाज येत होते. सुनंदाबाईंनी पदर तोंडाशी नेला.

"हाव," प्रल्हादभाऊ म्हणाले. "पुढचं वाचा."

मी म्हटलं, "तुम्हाला हे कलम समजलं ना?"

"मले मालूम हाय मॅडम. पयले पिशवीले हात लावला का हाताले त्या जहराचा वास ये. दिवाळीपासून नाई येत. मी समजलो."

सुनंदाबाईंनी तोंडावरचा पदर खाली घेतला. "मंग बोलले काहून नाई?" त्यांनी विचारलं.

"बोललो असतो तं मले रागवा लागलं असतं. रागावलेला आंधळा माणूस अन् रडणारी बायको, असं झालं असतं. दोघायचंच तं घर हाय आपलं. मंग बोलाचं कोणासंग?" मग ते नोटरींच्या आवाजाच्या दिशेला वळले. "साहेब, पण हे अर्धंच लिहेल हाय. बाटली धुतली, एवढंच लिहिलं. काहून धुतली थे नाई लिहिलं. तिकडचे लोक म्हणतीन, बाई येडी होती, नाही तं पैसे खाऊन धुतली."

नोटरींनी माझ्याकडे पाहिलं. "लिहा, समासात लिहा. भाऊ, काय लिहाचं?"

"लिहा, का वकीलबाई आमच्या घरी पाहुणी येणार होती. पाहुणीच्या हातात घाण वस्तू देऊ नाही, म्हणून धुतली."

मी लिहिलं. खाली तेच इंग्रजीत उतरवलं. प्रल्हादभाऊंनी अंगठ्याला नकार दिला, सहीच करणार म्हणाले. नोटरींनी कागदावर पट्टी आडवी धरली, आणि तिच्या कडेवरून पेन नेत प्रल्हादभाऊंनी पूर्ण नाव लिहिलं, शेवटचं अक्षर जरा खाली गेलं इतकंच. मी पूर्ण वाचून दाखवलं असं लिहून खाली माझी सही केली. माझं नाव आणखी एका सरकारी वहीत गेलं, आणि या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही.

समोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून कागद स्कॅन करून पाठवले. त्यानंतर दोन तास आम्ही चौघं तिथल्याच एका हॉटेलात बसून राहिलो. फोन टेबलाच्या मधोमध. मी तो चार्जिंगला लावला, आणि लाईट गेली तर म्हणून रफीकभाईंचाही लावून ठेवला. कोणाला भूक नव्हती. तरी कचोऱ्या मागवल्या आणि सगळ्या संपल्या.

योहानाचा फोन आला तेव्हा बाहेर उजेड होता. कागद कोर्टात दाखल झाला होता, पोच मिळाली होती. बिनलेबलच्या बाटलीचं कोर्ट काय करील, हे तिला सांगता येत नव्हतं. आज हे लिहितानाही ते कोणालाच ठाऊक नाही, तारीख उन्हाळ्यातली पडली आहे. तिला पुन्हा व्हिसा मिळेल का, तेही माहीत नाही. तिने अर्ज केलाय, या वेळी योग्य रकान्यात.

मी दोघांना सगळं सांगितलं. मग योहाना म्हणाली, "मी समासातली ओळ वाचली. सुनंदाला फोन द्या." मी फोन स्पीकरवर ठेवून त्यांच्यापुढे केला. योहाना म्हणाली, असं कोणी माझ्यासाठी कधी केलं नव्हतं. मी ते मराठीत सांगितलं.

सुनंदाबाई फोनच्या अगदी जवळ वाकल्या आणि पलीकडे ऐकू जावं म्हणून मोठ्याने बोलल्या, "जवा सोडतीन तवा या बाई. या खेपी मी कायलेच हात लावत नाई. जसं हाय तसंच दाखवतो."

मी ते जसंच्या तसं सांगितलं.